पंगत उठेपर्यंत

निवडणुकीला उभा राहिलेला माणूस काशीतल्या राजाघाटावरच्या गल्लीत शिरला की आनंदीकाकू आधी त्याच्या धोतराकडे बघायच्या. धोतर घोट्याच्या वर उचललं की समजायचं, याला नाली दिसली. आणि दिसूनसुद्धा तो हात जोडून "अबकी बार पक्की नाली, माताजी" म्हणाला, की समजायचं, हा निवडून येणार आणि नाली आहे तिथंच राहणार.

बाबू काशीनाथ आतापर्यंत दोनदा असं म्हणून गेले होते. पहिल्या खेपेला निवडून आल्यावर त्यांनी गल्लीच्या तोंडाशी नारळ फोडला. दुसऱ्या खेपेला चार पाईप आणून टाकले. त्यातल्या एकात कुत्रीनं पिल्लं घातली, पिल्लं मोठी होऊन येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकायला लागली, पण पाईप काही जमिनीखाली गेले नाहीत. राज्य इंग्रजांचं होतं, पण नाल्या आणि दिवाबत्ती त्यांनी मोठ्या शहाणपणानं आपल्याच लोकांच्या म्युनिसिपल बोर्डाकडे सोपवली होती. म्हणजे शिव्या द्यायच्या तर आपल्याच माणसाला द्या!

काकू नालीवर एवढ्या का चिडायच्या, ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. विहीर त्यांच्या घराच्या चौकात होती आणि नाली त्या घराच्या भिंतीला लागून वाहायची. गेल्या पावसाळ्यात नाली फुटली, घाण विहिरीत झिरपली आणि काकूंची तीन वर्षांची नात, प्रेमला, पटकीनं गेली. सकाळी खेळत होती, संध्याकाळी नव्हती. आता सून शरदिनीला पुन्हा दिवस गेले होते, सातवा चालू होता, आणि विहीर तीच, नालीही तीच.

कोपऱ्यावर बोर्डाचा नळ होता, नव्हता असं नाही. पण नळात कातड्याची चकती असते. कातड्याला लागून आलेलं पाणी सोवळ्यात कसं चालणार? गल्लीतली सगळी दक्षिणी, म्हणजे महाराष्ट्रातून येऊन राहिलेली ब्राह्मण घरं स्वयंपाकाला आणि प्यायला काकूंच्याच विहिरीचं पाणी भरायची. काकू स्वतःसुद्धा कडक सोवळ्याच्या. त्यांचा मुलगा विष्णू पाठशाळेत वेद शिकवायचा. त्याच्या घरात नळाचं पाणी शिरलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे एक विद्यार्थी फिरकला नसता. म्हणून काकूंचा सगळा जीव त्या नालीत अडकला होता. नाली वळली की विहीर सुटली, विहीर सुटली की येणारं पोर वाचलं.

यंदा बाबूंच्या विरुद्ध बिंदुमाधव मास्तर उभे राहिले. आपलाच माणूस, शाळेत गणित शिकवणारा. भाषण येत नव्हतं, आवाज बसका. गल्लीत येऊन तो नालीशी उकिडवा बसला, काठीनं गाळ उकरून बघितला आणि म्हणाला, "काकू, ही नाली पलीकडच्या भिंतीनं वळवायची. उतार आहे. एवढं एकच काम मी करीन, बाकी मला काही सांगता येत नाही." काकूंना वाटलं, या माणसाच्या पाठीवर थाप मारावी. बाबू काशीनाथ तर विजेचे दिवे, घाटावर बाग, गाईंना गोठा, असं सगळं देऊन बसले होते. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात.

गल्लीतल्या सगळ्या मतदारांनी मास्तरांना शब्द दिला. सगळ्यांत वडील ढुंढिराजशास्त्री तर म्हणाले, "बिंदुमाधवा, आमची मतं तुझ्या झोळीत पडली असं समज." काकूंचंही मत होतं. नवऱ्यानं मरताना घर त्यांच्या नावावर केलं होतं, घरपट्टी त्यांच्या नावानं भरली जायची, आणि घरपट्टी भरणाऱ्याला मत असायचं. त्या दिवशी काकूंना बऱ्याच महिन्यांनी शांत झोप लागली.

आणि मतदानाच्या दोन दिवस आधी बाबूंचा माणूस गल्लीत अक्षता घेऊन आला! बाबूंच्या वडिलांच्या नावानं ब्राह्मणभोजन, अस्सी घाटाजवळच्या त्यांच्या बगीच्यात, समस्त दक्षिणी ब्राह्मणांना आमंत्रण. दिवस कोणता? मतदानाचा. शास्त्रीबुवांनी सगळ्यांच्या वतीनं अक्षत घेतली.

काकू तशाच त्यांच्या दारात गेल्या. "शास्त्रीबुवा, बाबूंच्या बापाचं श्राद्ध भाद्रपदात झालं. तुम्हीच जेवून आलात. हा मार्गशीर्ष आहे."

"श्राद्ध वेगळं, हे नुसतं भोजन," शास्त्रीबुवा म्हणाले.

"अहो, तुम्हाला अडकवून ठेवायला हे भोजन आहे! एवढं कळू नये?"

"आनंदी, अक्षत घेतली. आता नाही गेलो तर अन्नाचा अपमान होतो. आणि मतदान पाचपर्यंत आहे. बारा वाजता पान मांडलं तरी दोनपर्यंत हात धुऊन मोकळे. जेवायचं त्याचं, मत द्यायचं मास्तराला. यात फसला कोण? बाबूच की!" असं म्हणून ते स्वतःच्याच हुशारीवर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

घरी विष्णूनं तेच ऐकवलं. "आई, मी सगळ्यांना घेऊन जातो ना दोन वाजता. तू उगाच काळजी करतेस." काकूंनी कपाळाला हात लावला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

मतदानाच्या दिवशी काकू मतदान होतं त्या शाळेत एकट्याच गेल्या. लाल आलवणातली बोडकी बाई रांगेत बघून लोक बाजूला सरले, काही हसले. गर्दीत कोणाकोणाचे धक्के लागले त्याची गणतीच नाही. कारकुनानं यादीत नाव शोधलं, चिठ्ठी दिली, काकूंनी मास्तरांच्या नावावर खूण केली आणि बाहेर पायरीवर येऊन बसल्या. आता आपली माणसं येतील.

दोन वाजले. तीन वाजले. बाबू काशीनाथ शाळेच्या फाटकाशी खुर्ची टाकून, येणाऱ्याजाणाऱ्याला पान देत बसले होते. बगीच्यात एवढी ब्राह्मणांची पंगत बसलेली आणि यजमान इथं पान खातोय! काकूंना बघून बाबूंनी अदबीनं हात जोडले. "माताजी, धूप में काहे बैठी हैं?"

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. साडेतीनला त्या उठल्या आणि तिथंच वाट बघत उभ्या असलेल्या बिंदुमाधव मास्तरांना म्हणाल्या, "मला एक्का दे. आणि मागून आणखी जेवढे मिळतील तेवढे पाठव."

बगीच्यात पोचल्या तर काय बघतात, पंगत रंगात आलेली! दोन लांबलचक ओळी, सोवळ्याचे मुकटे नेसलेली आपली सगळी माणसं, आणि बाबूंचे आचारी परातीवर पराती घेऊन फिरताहेत. पानं मुळात वाढली दोन वाजता. का, तर तूप यायचं होतं. मग एकेकानं श्लोक म्हटला. मग जिलबीचा आग्रह, मग मठ्ठा, मग पुन्हा जिलबी. आणि ओळीच्या टोकाला ढुंढिराजशास्त्री. तोंडात दात मोजके, एक घास चावायला एक घटका, आणि प्रत्येक घासाला आचाऱ्याची स्तुती. वडील माणसानं शेवटचं आपोशन घेतल्याशिवाय पंगतीतून कोणी उठायचं नाही, हा नियम काशीतल्या दक्षिण्यांनी कोणत्याही राज्यात मोडला नव्हता. बाबूंना तो नेमका ठाऊक होता. आमच्या माणसांचा बाबूंनी जेवढा अभ्यास केला, तेवढा नालीचा केला असता तर!

सगळ्यांची जेवणं कधीच आटोपली होती. पानावर हात वाळवत सगळे शास्त्रीबुवांच्या तोंडाकडे बघत बसले होते.

काकू दारातून ओरडल्या, "विष्णू, ऊठ! पाच वाजता फाटक बंद होतं."

विष्णूनं मान वर केली. त्याला लाज वाटत होती हे दिसत होतं. पण तो म्हणाला काय? "आई, शास्त्रीबुवांचं अजून व्हायचंय."

काकूंना प्रेमलाचे डोळे आठवले. त्या दिवशी संध्याकाळी ती पाणी पाणी करत होती आणि आपण त्याच विहिरीचं पाणी चमच्यानं तिला पाजत होतो. आणि तिचा बाप म्हणतोय, शास्त्रीबुवांचं व्हायचंय!

मग त्यांनी जे केलं ते गल्लीत पुढं कितीतरी वर्षं कोणी मोठ्यानं बोललं नाही. त्या गर्दीतून आलेल्या, ओवळ्या, पायाला रस्त्याची धूळ. तशाच दोन ओळींच्या मधून चालत गेल्या आणि विष्णूच्या उघड्या खांद्यावर हात ठेवला.

"झाली पंगत विटाळून," त्या म्हणाल्या. "आता उठा सगळे. बाहेर एक्के उभे आहेत."

एकच गलका झाला. एक विटाळला म्हणजे सगळी पंगत विटाळली. पानं तशीच टाकून सगळे ताडकन उठले, शास्त्रीबुवासुद्धा. काकूंनी देवाचे आभार मानले. एक्केवाले दारात लगाम धरून तयार होते. सव्वाचार वाजले होते. घोडे पळवले असते तर वेळ होता, भरपूर होता.

"आधी स्नान!" शास्त्रीबुवा ओरडले.

आणि अहो, सगळेच्या सगळे एक्क्यांना वळसा घालून अस्सी घाटाकडे धावले! ज्याला एक घास गिळायला घटका लागत होती तो म्हातारा मुकटा सावरत सगळ्यांच्या पुढे. काकू मागून ओरडत राहिल्या, "अरे, मत द्यायला सोवळं लागत नाही! मेल्यांनो, चिठ्ठीला विटाळ होत नाही!" ऐकतंय कोण! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. विष्णू एकदा थबकला, मागं वळून आईकडे बघितलं, एक्क्याकडे बघितलं, आणि तोही गेला.

थंडीच्या पाण्यात सगळ्यांनी डुबक्या मारल्या. मग कोणीतरी म्हणालं, सूर्य कलला आहे, पाण्यात उभेच आहोत, तर संध्या इथंच उरकून घेऊ. काकू घाटाच्या पायरीवर मटकन बसल्या. समोर त्यांच्या गल्लीतली सगळी मतं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मावळत्या सूर्याला अर्घ्य देत होती. काकूंना रडूही येईना.

मास्तर पडले. त्या पंगतीत जितकी माणसं होती, त्याहून कमी मतांनी पडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबूंची मिरवणूक ढोल वाजवत गल्लीतून गेली. नालीपाशी बाबूंनी धोतर उचललं आणि काकूंच्या दाराकडे बघून म्हणाले, "अबकी बार पक्की, माताजी!" काकूंनी दार लावून घेतलं.

त्या रात्री जेवताना विष्णू म्हणाला, "आई, चुकलं माझं."

"मला कशाला सांगतोस?" काकू म्हणाल्या. "जिच्या पोटात आहे तिला सांग."

शरदिनी वाढत होती. तिनं वर बघितलं नाही. विष्णूच्या पानात भाजी वाढली, मग हळूच म्हणाली, "मला त्या विहिरीचं पाणी घशाखाली उतरत नाही हो. प्रत्येक घोटाला ती आठवते." विष्णूनं पानाशेजारचं पाण्याचं भांडं बाजूला सारलं.

सकाळी नेहमीप्रमाणे ढुंढिराजशास्त्री ओलेत्यानं, हातात तांब्याची कळशी घेऊन काकूंच्या चौकात आले. त्यांच्या मागून आणखी तिघेचौघे. विहिरीवर फळ्या घातलेल्या आणि फळ्यांना कुलूप.

"हे काय, आनंदी?"

"विहीर बंद. नाली वळेपर्यंत. घर माझं, विहीर माझी."

"अगं, मग तुझ्या घरात काय पिणार?"

"नळाचं."

शास्त्रीबुवांचा चेहरा उतरला. "कातड्याचं पाणी! सोवळं बुडवणार? विष्णूच्या पाठशाळेचं काय? त्याला तरी विचारलंस का?"

विचारायची गरज पडली नाही. तेवढ्यात विष्णूच दारातून आत आला. खांद्यावर भरलेली कळशी, नळावरून आणलेली, पाणी हिंदकळत होतं. शास्त्रीबुवांनी शिंतोडा अंगावर उडू नये म्हणून झटकन बाजूला उडी मारली. विष्णूनं कोणाकडे बघितलं नाही. तो सरळ स्वयंपाकघरात गेला, कळशी ठेवली आणि पहिलं फुलपात्र भरून शरदिनीच्या हातात दिलं. तिनं ते उभ्या उभ्या, एका दमात पिऊन टाकलं.

शास्त्रीबुवा कुलपाकडे बघत, थंडीनं कुडकुडत, अगदी लहान आवाजात म्हणाले, "आणि आम्ही? आम्ही पाणी कुठून आणायचं?"

"गंगेवरून," काकू म्हणाल्या. "लांब नाही काही. परवा बघितलं ना मी, किती धावता येतं तुम्हाला."