पडदा पुढेच बसवा

दोघी जावा मिळून मासेमारीची होडी चालवायच्या. थोरली मागे सुकाणूवर, धाकटी पुढे जाळं फेकायला. पाण्याखालचे मासे हलताना दाखवणारं सोनार यंत्र घ्यायला त्या गेल्या, तेव्हा दुकानदाराने सगळ्यात मोठा पडदा पुढे केला.

"हा सुकाणूजवळ बसवा. सगळे तिथेच बसवतात."

थोरलीची मान डोलायला लागली होती. धाकटीने धीर केला. "जाऊबाई, जाळं मी फेकते. तुम्ही मागून ओरडून सांगेपर्यंत मासा कुठच्या कुठे जाईल. पडदा लहान चालेल, पण माझ्यासमोर हवा. आणि पाण्यात सोडायचा सेन्सर वेगळ्या दांडीवर, म्हणजे मला हवं तिकडे वळवता येईल."

दुकानदार हसला. थोरली मात्र हसली नाही. "ती म्हणते तसंच द्या."

पहिल्याच सकाळी धाकटीने दांडी हळूहळू डावीकडे वळवली आणि पडद्यावर ठिपक्यांचा थवा सरकू लागला. "इंजिन थांबवा!" ती ओरडली आणि अंग झोकून तिने जाळं फेकलं. ओढताना एकटीचे हात पुरेनात. थोरली धावत आली, जाळ्यात डोकावली आणि ती नाचायचीच बाकी राहिली.

"अगं, लग्नाच्या वेळी सोनाराकडे जाऊनसुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता!"