कच्चा दोरा

शिंपीणकाकूंची धाकटी जाऊ कपड्याचं माप द्यायला आली ती रक्तदाब मोजायचं यंत्र पिशवीत घेऊनच. नवऱ्यासाठी नुकतंच विकत घेतलं होतं. "जाऊबाई, उद्घाटन तुमच्यावरच," म्हणत तिने शिलाई मशीनवरचा काकूंचा हात ओढला.

"माझं बीपी उतरलंय गं. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी शाबासकी दिली."

आकडा बघून जाऊने पट्टा सोडून पुन्हा नीट बांधला. काकूंना थोडा वेळ गप्प बसवून तिने पुन्हा मोजलं. तरी एकशे सत्तरच्या वरच.

"गोळी घेता ना?"

काकूंनी कात्री उगाच इकडची तिकडे ठेवली. "आकडा नीट आला म्हणून थांबवली. पक्की शिलाई बसली की कच्चा दोरा ओढून काढतोच ना आपण? शिवाय मला ना डोकेदुखी, ना चक्कर."

"धन्य आहात! ते काय दार वाजवून येतं? उद्या हात लुळा पडला तर सुईत दोरा कोण ओवणार, मी?"

काकूंनी आपल्या हातांकडे पाहिलं. पोटापाण्याला हेच हात, आणि पहाटे देवापुढे जोडायलाही हेच. त्या चपला घालून जाऊबरोबर निघाल्या.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "गोळी होती म्हणून आकडा खाली होता. सोडलीत, चढला. आपल्या मनाने बंद करायची नाही."

काकू एकदम म्हणाल्या, "म्हणजे हा कच्चा दोरा नव्हेच! ही पायजम्याची नाडी. नीट बसलाय म्हणून नाडी कोण काढतं?"

"फक्त पायजमा खाली येतो, हे वर जातं," जाऊ म्हणाली.

"आता तुमची नाडी दाखवा," डॉक्टरीणबाई मनगट धरत म्हणाल्या, आणि तिघींनाही हसू आवरेना.

गोळी पुन्हा सुरू झाली, ताटात वरून मीठ घेणं सुटलं, आणि संध्याकाळी दोघी जावा फिरायला निघू लागल्या. पुढच्या तपासणीला आकडा खाली आलेला पाहून परतताना काकू रस्त्यातच थांबल्या. डोळे भरून आले होते.

"रडू नका, पुन्हा चढेल!"

"रडत नाही गं. देव काही स्वतः यंत्र घेऊन दारोदार फिरत नाही. तुझ्यासारखीला धाडतो. त्याचे उपकार मानू की तुझे?"

जाऊ गोरीमोरी झाली. "त्याचेच माना. आणि पाय उचला, अजून एक फेरी बाकी आहे."

काकू तिचा हात धरून चालू लागल्या.