इनोंगेच्या भोपळ्याचं बी

बियाट्रिस तिसऱ्यांदा विचारायला आली, तेव्हा सिन्वुला नदीकाठच्या शेतात वाकून तणात काहीतरी शोधत होता.

"सापडला का वेल, काका?"

"सापडेल."

"मागच्या महिन्यातही हेच म्हणालात."

बियाट्रिस गावाच्या वनसमितीची प्रमुख. चोबे नदीच्या अलीकडे नामिबिया, पलीकडे बोट्स्वाना. हत्तींना दोन्ही सारखेच. पोहत यायचे, शेतं तुडवत जंगलात जायचे आणि तसेच परतायचे. म्हणून नदीपासून जंगलापर्यंत दोनशे पावलं रुंदीचा पट्टा त्यांच्यासाठी मोकळा सोडायचं समितीनं ठरवलं होतं. पट्टा झाला की पर्यटकांचा तळ उभा राहणार होता आणि त्याच्या उत्पन्नातून गावाला पिठाची गिरणी मिळणार होती. आठ घरांनी जमीन दिली, बदल्यात वरच्या अंगाला घेतली. अडलं होतं ते एकट्या सिन्वुलाच्या शेतावर.

शेत खरं तर त्याच्या बायकोचं, इनोंगेचं. तिच्या आईकडून आलेला भोपळा ती तिथं लावायची. पांढरे पट्टे, वाकडी मान, आत गर्द पिवळा. त्याचं बी तिनं कोणाला दिलं नाही, सख्ख्या भावालाही नाही. गेल्या वर्षी ऐन काढणीत ती गेली. घर सुतकात होतं तेव्हा कळप आला आणि सगळे भोपळे फस्त करून गेला. बियाण्याला ठेवलेलेसुद्धा. एखादं बी मातीत राहिलं असेल, या आशेवर सिन्वुला वर्षभर ते शेत राखत होता. पट्टा सोडला की शोधणंही संपलं.

"शनिवारी शेवटची बैठक," बियाट्रिस म्हणाली. "बायका अजून उखळात कांडतायत, काका. माझे हात बघा."

"बघितले. तुझ्या काकूचेही असेच होते."

ती बांधावरून परत फिरली.

शनिवारी सगळे झाडाखाली जमले. बियाट्रिस बोलायला उभी राहिली, तेवढ्यात नदीकडून इनोंगेचा भाऊ लिस्वानिसो तणतणत वर आला. तो पलीकडच्या काठावर राहायचा. खांद्यावर सदऱ्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"दाजी, वीस वर्षं मी बहिणीच्या मागे लागलो होतो, एक मूठ बी दे म्हणून. मला नाही दिलं. आणि तुम्ही माझ्याच गावात वाटत सुटलात?"

त्यानं सदरा सोडला. पांढरे पट्टे, वाकडी मान.

सिन्वुलानं भोपळा दोन्ही हातांत उचलून घेतला. "कुठं मिळाला?"

"आमच्या काठावर. रानात, हत्तींच्या वाटेवर. एक नाही, ओळीनं वेल पसरलेत. कोणी लावले ते कोणी कबूल करत नाही."

"कबूल कोण करणार?" मागून एक म्हातारी हसायला लागली. "सोंडवाल्यांना विचार! खाल्ले इथं, टाकले तिथं!"

झाडाखालचे सगळे हसले. सिन्वुला तोवर होडीकडे पळत सुटला होता. वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्याला पळताना पाहून पोरी ओरडल्या, "काका, चप्पल राहिली!"

पलीकडच्या काठावर लिस्वानिसोनं वाट दाखवली. हत्तींच्या जुन्या लेंड्यांच्या ढिगातून वेल निघाले होते, थेट झाडीत शिरले होते. पानांखाली भोपळेच भोपळे. सिन्वुला एका वेलाशी गुडघे टेकून बसला आणि हसता हसता रडला.

"मला नाही दिलं," लिस्वानिसो म्हणाला, "आणि हत्तींना दिलं. बहीण म्हणायची!"

"आपण होऊन नाही दिलं रे. तिथं वर हात कमरेवर ठेवून भांडत असेल त्यांच्याशी."

परत आल्यावर त्यानं बियाट्रिसकडून पट्ट्याच्या हद्दीचा पहिला खुंटा मागून घेतला आणि इनोंगेच्या शेतात स्वतः ठोकला. "जाऊ देत त्यांना," तो म्हणाला. "पेरणी आपल्यापेक्षा बरी करतात."

संध्याकाळी भोपळा चिरला आणि शेंगदाण्याचं कूट घालून शिजवला. चव तिच्या हातची नव्हती, पण भोपळा तोच होता. बी धुऊन सुपात पसरलं, तसा लिस्वानिसो मुकाट्यानं पुढे सरकला. सिन्वुलानं त्याच्या ओंजळीत एक मूठ बी टाकलं.

"एवढंच, दाजी?"

"बाकीचं हत्तींकडे माग."