नदीपलीकडचा म्हातारा

चित्रवालीने स्टुलावर चढून भिंतीवरची फ्रेम धरली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"हात काढ."

तिने हात काढला. फ्रेम तिरकी झाली.

गिरणीवाले दारात उभे होते, भुवयांपर्यंत पिठाने पांढरे.

"आजोबा, आजच न्यायचंय. गाडी बाहेर चालूच आहे."

"चित्र महिनाभर राहणार म्हणाली होतीस."

चित्रांच्या फिरत्या प्रदर्शनाची गाडी घेऊन ती गावात आली तेव्हा नदीपलीकडच्या माणसांची चित्रं बघायला कुत्रंही फिरकलं नव्हतं. शेवटी तिनेच दारोदार जाऊन एकेका घरात एकेक चित्र ठेवायला दिलं. 'त्या लोकांचं थोबाड माझ्या भिंतीवर नको,' असं गिरणीवाल्यांनी तोंडावर सुनावलं होतं. सुनेने हट्टाने टांगून घेतलं. टोपी घातलेला एक म्हातारा, मांडीवर मांजर.

"आता रोज चहा घेताना त्याच्याशी भांडतात," सून गॅसपाशी हसली. "मांजर घेऊन बसलास नुसता, कामधंदा नाही का, म्हणतात."

"गप गं तू."

चित्रवालीला हसू येईना. खिशातला फोन पुन्हा थरथरला. ती स्टुलावरून उतरली, पुन्हा चढली, पुन्हा उतरली. सांगावं, की नुसतं उचलून न्यावं? सांगितलं आणि 'बरं झालं, एक कमी झाला' असं ऐकावं लागलं, तर? गावोगाव खिळे ठोकत फिरले ते सगळं मातीत.

"चित्रातल्या आजोबांच्या मुलीनेच काढलंय हे," ती एका दमात म्हणाली. "तिला परत हवंय. ते काल वारले."

सुनेने गॅस बंद केला.

गिरणीवाले आत गेले. मोरीत पाण्याचा आवाज येत राहिला. चित्रवाली दारापर्यंत गेली, परत आली. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न मारला.

गिरणीवाले आले ते तोंड धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी स्टूल ओढलं आणि चित्र स्वतः उतरवलं. तिने खोकं पुढे केलं.

"खोक्यात नको."

"अहो, रस्त्यात धक्के बसतात."

"मी धरतो ना."

ते चपला घालून निघालेसुद्धा.

"बाबा, आणि गिरणी?" सून मागे धावली.

"बंद आज."

गाडीत ते ड्रायव्हरच्या शेजारी बसले, फ्रेम मांडीवर उभी धरून. चित्रवाली कडेला कशीबशी टेकली.

"आजोबा, पलीकडे जायचंय. पुलाच्या पलीकडे."

"कळतंय मला."

पूल दिसला तशी त्यांची चुळबूळ सुरू झाली. कॉलर नीट केली, काच खाली केली, वर केली.

"पोरी, त्यांच्यात अशा वेळी दारात गेल्यावर काय म्हणतात?"

तिने पलीकडच्यांच्या भाषेत सांगितलं. छोटंसंच वाक्य होतं.

गिरणीवाल्यांनी ओठ हलवून बघितले. जीभ वळेना.

"हळू सांग जरा," ते म्हणाले. "परत."