बासरीचं गाणं शेवटी

“तोंड उघड. अजून उघड. एरवी तर मिटत नाही,” भाऊजी म्हणाले आणि दात बसवलेली मेणाची कच्ची कवळी त्यांनी माझ्या वरच्या हिरडीवर दाबली.

खरं तर हे काम दातांच्या डॉक्टरांचं. माप त्यांनीच घेतलं होतं. पण कवळी बनवणारा माणूस घरचाच असल्यावर असली नसती उठाठेव चालते. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान गेली पस्तीस वर्षं गावातल्या निम्म्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देतात. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं वर्कशॉप. एक लांब टेबल, पॉलिशची मोटर, प्लास्टरचे डबे, गॅसची शेगडी, तिच्यावर जाड बुडाचं पातेलं आणि खिडकीत कॅसेट प्लेअर. भिंतीवरचं घड्याळ प्लास्टरच्या धुळीने कधीच बंद पडलं होतं. ते कुणी उतरवलं नव्हतं, एवढंच.

“आता बोल काहीतरी.”

“सन्माननीय अध्यक्ष,” मी म्हणालो.

“स शिट्टी मारतोय. पुढचे दोन जरा मागे घेतो. परत म्हण.”

शनिवारी माझा निरोप समारंभ होता. कॉलेजच्या ग्रंथालयात बत्तीस वर्षं काढली, आता जाताना चार शब्द बोलायचे होते. वरचे उरलेसुरले चार दात दोन महिन्यांपूर्वी काढून टाकल्यापासून मी तोंडावर हात धरून बोलत होतो. बायकोच्या मते आमच्या संसारातले हे सगळ्यांत शांततेचे दोन महिने होते.

मेण पुन्हा तापवत भाऊजींनी डाव्या हाताने प्लेअरचं बटण दाबलं. गिटार सुरू झाली, पण अशी की वाजवणाऱ्याला चक्कर येत असावी. टेप ताणली गेली होती.

“अजून तेच?” मी म्हणालो.

“अजून तेच,” भाऊजी म्हणाले.

हे आमचं जुनं भांडण. आमच्या तरुणपणी एका रॉक बँडने आम्हाला वेड लावलं होतं. मला आधी आणि भाऊजींना माझ्यामुळे, असं मी समजतो. माझ्याकडे त्या बँडच्या अकराच्या अकरा रेकॉर्डी आहेत, निघाल्या त्या क्रमाने लावलेल्या, प्रत्येकीला प्लास्टिकचं कव्हर. भाऊजींकडे एकच कॅसेट होती. ग्रेटेस्ट हिट्स. अठरा गाणी, नऊ या बाजूला, नऊ त्या बाजूला, बरोबर दीड तास. जिला बँडमधलं ओ की ठो कळत नाही अशा कुणा कंपनीने विकायला काढलेली. पहिल्या रेकॉर्डीवरचं गाणं सातवीवरच्या गाण्याला चिकटवलेलं. आणि बँडचं अगदी सुरुवातीचं संथ गाणं, बासरीने सुरू होणारं, ते चक्क शेवटी.

“तुम्हाला बँड आवडत नाही, त्याचा बायोडेटा आवडतो,” असं मी त्यांना लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ऐकवलं होतं. त्यावर ते नुसते हसले होते. ताईच म्हणाली होती, “तू कॅसेट भरून दिली असतीस तर विकत आणावी लागली असती का मला?”

ते खरं होतं. लग्न ठरलं तेव्हा तिने माझ्याकडे मागितली होती. “तुझी ती गाणी भरून दे ना मला. त्यांना ऐकवायचीत.” मी म्हणालो होतो, तुम्हाला काय कळणार त्यातलं. मग ती बाजारात गेली आणि दुकानदाराने हातात दिली ती घेऊन आली. ताईला जाऊन आता दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत मी त्या घरी मोजून तीन वेळा गेलो असेन. काय बोलायचं तेच सुचायचं नाही. ती असताना भाऊजी आणि मी तिच्या दोन बाजूंना बसून तिच्याशीच बोलायचो, हे ती गेल्यावर कळलं. आता आमच्यात भांडायला म्हणून ती एक कॅसेट उरली होती, आणि तीही संपत आली होती.

म्हणून त्या दिवशी मी भेट नेली होती. एक छोटा स्पीकर आणि माझा जुना फोन. कॅसेटवरची अठराही गाणी त्यात घातली होती, एकसुद्धा कमी नाही. फक्त नीट लावून. कुठलं कधी निघालं त्या वर्षाप्रमाणे. ग्रंथपालाचा हात आहे, पुस्तक उलटं दिसलं तर लोकांच्या घरातसुद्धा सरळ करतो.

“हे बघा,” मी म्हणालो. “सगळी तुमचीच गाणी आहेत. आता निदान माणसांच्या आवाजात ऐका.”

भाऊजींनी स्पीकर हातात घेतला, फिरवून पाहिला. मग कॅसेट प्लेअर बंद केला, आतली कॅसेट काढून डबीत घातली आणि डबी खणात ठेवली. “आणलंस, बरं केलंस,” ते म्हणाले. मला फार बरं वाटलं.

दुपारी जेवणं झाल्यावर माझी कवळी शिजायला पडली. मी मुद्दाम बघत बसलो. मेणाच्या जागी गुलाबी लगदा भरलेला पितळी डबा त्यांनी शिकंज्यात आवळला आणि पातेल्यात सोडला.

“आता किती वेळ?”

“दीड तास पाणी नुसतं गरम. उकळू द्यायचं नाही. मग गॅस मोठा करून अर्धा तास उकळी. आणि उद्यापर्यंत तसाच गार होऊ द्यायचा. घाई केली की आत बुडबुडे धरतात. मग ती कवळी नाही, जाळी.”

“आणि वेळ कसा कळतो? घड्याळ तर बंद आहे.”

“कळतो,” भाऊजी म्हणाले आणि पॉलिशच्या मोटरकडे वळले.

मी स्पीकर सुरू केला. गाणी खणखणीत लागली. मी बोलत होतो, ते मोटरवर दुसऱ्या कुणाची तरी कवळी घासत होते, मधूनच हं म्हणत होते. बँड सुरुवातीला किती कच्चा होता, मग कसा पिकत गेला, हे मी त्यांना गाण्यागणिक समजावून सांगितलं. दात नसतानाही मी किती बोलू शकतो हे त्या दिवशी मलाच नव्याने कळलं. चौथं गाणं लागलं. बासरी वाजली. भाऊजी उठले, शेगडीपाशी गेले, गॅस मोठा केला, हात धुतले आणि म्हणाले, “दूध संपलंय. कोपऱ्यावरून घेऊन येतो, मग चहा टाकू.”

मी त्यांना जाताना पाहिलं. गॅस मोठा करताना पाहिलं. मला काहीही कळलं नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी ते दुधाची पिशवी घेऊन परतले आणि दारातच थांबले. आठवं गाणं चालू होतं. पातेल्याचं झाकण खडखडत होतं.

“अजून चालूच आहे?” त्यांनी विचारलं.

“अजून निम्म्याहून जास्त आहेत,” मी अभिमानाने म्हणालो. “क्रमाने लावलीत ना सगळी.”

त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग स्पीकरकडे. पिशवी टेबलावर ठेवली आणि गॅस बारीक केला. मग चहा केला.

मंगळवारी सकाळी त्यांनी माझ्यासमोर डबा उघडला. प्लास्टर फोडून कवळी काढली, ब्रशने धुतली आणि उजेडात धरली. गुलाबी टाळूभर, विशेषतः मागे जिथे ती जाड होती तिथे, बारीक बारीक बुडबुडे धरले होते.

“वाया गेली,” भाऊजी म्हणाले. “माझी चूक. पस्तीस वर्षांत असं झालं नव्हतं.”

“असं कसं झालं पण?”

“बासरी लागली की हात जातो,” ते म्हणाले. “ते शेवटचं गाणं असतं ना. दीड तास झाला, गॅस मोठा कर. डोक्याला विचारत नाही हात.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कॅसेट लावायची ती शेगडी पेटवताना. नऊ गाणी या बाजूला, नऊ त्या बाजूला. बासरीचं गाणं लागलं की उकळी. आणि मी मोठा शहाणा, त्यांचं घड्याळ उचलून त्याचे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत नीट लावून दिले होते. तेही स्वतःच्याच दातांसाठी.

“तुमची कसली चूक भाऊजी, माझी,” मी म्हणालो. बोळक्या तोंडाने माफी मागणं फार अवघड असतं, शब्द निसटतात. “नको तिथे नाक खुपसलं. आधी सांगायचं तरी मला.”

“एवढ्या हौसेने आणलं होतंस.”

“एक विचारू? अकरा रेकॉर्डी आहेत माझ्याकडे. कधीही या, ऐका, घेऊन जा, असं कितीदा म्हणालो. तुम्ही कधी आला नाहीत. या एका कॅसेटमध्ये असं आहे काय?”

ते खराब कवळीतला एकेक दात गरम चिमट्याने सोडवत राहिले.

“तुला बँड कळतो,” मग ते म्हणाले. “मला बँड कळायला नकोय. एक गाणं संपतं, दुसरं लागायच्या आधी जरा शांत असतं बघ. त्या वेळात मला पुढचं ऐकू यायला लागतं. कुठलं येणार ते मला ठाऊक असतं, आणि तेच येतं. ती गेल्यापासून या घरात पुढे काय येणार हे मला तेवढंच ठाऊक असतं.”

मी कपाटातली पुस्तकं सरळ करतो, कारण त्याने मला बरं वाटतं. दुसऱ्या कुणाचं बरं वाटणं उलट्या लावलेल्या पुस्तकांत असू शकेल हे बत्तीस वर्षांत माझ्या मनात आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि ताईची फार आठवण आली.

“शनिवारपर्यंत होईल?” मी विचारलं.

“उद्या दात परत लावतो. गुरुवारी दुपारी शिजवू. शुक्रवारी मिळेल.”

गुरुवारी मी अर्धी रजा टाकून गेलो. स्पीकर पिशवीत भरला. खणातली डबी मीच काढली. भाऊजींनी शेगडी पेटवली, पितळी डबा पाण्यात सोडला आणि म्हणाले, “लाव.”

प्लेअरच्या बटणांवर प्लास्टर लागलेल्या बोटांचे पांढरे ठसे होते. फक्त कॅसेटच्या झाकणाची कड तेवढी स्वच्छ होती, झिजून गुळगुळीत झालेली. मी कॅसेट घातली. गिटार पुन्हा चक्कर आल्यागत वाजू लागली. मी गप्प बसून ऐकत होतो. मला वाटतं, ती गाणी मी पहिल्यांदाच गप्प बसून ऐकत होतो. पहिल्या रेकॉर्डीवरचं गाणं संपून सातवीवरचं लागलं, तेव्हा दोन्हींचा गायक एकच माणूस असल्याचं ठळक जाणवलं. आधी कोवळा, लगेच घोगरा. अकरा रेकॉर्डींच्या अकरा संध्याकाळी ऐकताना ते मला कधी जाणवलं नव्हतं. हे मी भाऊजींना सांगणार होतो, पण राहू दिलं.

नववं गाणं शेवटाला आलं. भाऊजी माझ्याकडे पाठ करून घासत होते, दोन्ही हात पांढरे.

“उलटव,” ते म्हणाले.

आणि मोटर थांबली. ताई असताना हे काम तिचं होतं. आठवं गाणं लागलं की ती स्वयंपाकघरात चहा टाकायची, नववं संपता संपता तो घेऊन दारात हजर. ते मान वर न करता “उलटव गं” म्हणायचे, ती उलटवायची. मी हे शेकडो वेळा पाहिलं होतं आणि वेळ साधायची ही कोण धडपड, म्हणून तिला चिडवलंही होतं.

भाऊजी तसेच पाठमोरे उभे होते. मी उठलो, कॅसेट काढली, उलटवली, झाकण बंद केलं, बटण दाबलं. दहावं गाणं लागलं. जरा वेळाने मोटर पुन्हा सुरू झाली.

बासरी वाजली तेव्हा त्यांचा हात गॅसकडे गेला. मी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. साडेतीनला शेगडी पेटवली होती, पाच वाजत आले होते.

शनिवारी भाषण चांगलं झालं. स ने शिट्टी मारली नाही. अध्यक्षांपेक्षा मी जास्त बोललो, असं बायको म्हणाली.

रविवारी सकाळी रिकामा होतो. आता सगळेच दिवस रिकामे होते. तिसरी रेकॉर्ड काढली, पुसली, लावली. पहिलं गाणं संपलं. मधली शांतता आली आणि त्या शांततेत मी पुढचं गाणं गुणगुणायला लागलो. रेकॉर्डवर भलतंच लागलं. म्हणजे बरोबर तेच लागलं, बँडने ठेवलेलं, चाळीस वर्षं मी त्या जागी ऐकत आलेलं. मी गुणगुणत होतो ते कॅसेटवरचं होतं. मी सुई उचलली आणि फोन लावला.

“काय रे? टोचतेय का कुठे?” भाऊजींनी विचारलं.

“नाही, झकास बसलीय. या आठवड्यात काही शिजवायचं आहे का?”

“आहे. गुरुवारी एक वरची, एक खालची. का?”

“येतो,” मी म्हणालो. “उलटवायला.”



“नववं संपायच्या आत ये,” ते म्हणाले. “तिला कधी उशीर झाला नाही.”