तीनमागचा आठ

"हा आठ काऊन मरत नाई?" गुलाबभाऊ पुटपुटले. त्यांचा चेहरा इतका जवळ होता की माझ्या काचेवर वाफ धरली.

मित्रांनो, मी अंक दाखवणारी एक जुनी काचेची नळी आहे. माझ्या पोटात शून्यापासून नवापर्यंत तारेचे दहा अंक एकामागे एक उभे आहेत. प्रत्येकाच्या दारावर एक ट्रान्झिस्टर राखणदार असतो. त्याने दार उघडलं की तेवढाच अंक निखाऱ्यासारखा पेटतो. त्यासाठी मला एकशे सत्तर व्होल्ट लागतात. माणसाचा जीव घ्यायला तेवढे पुरेत.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी वीस वर्षं राबले, मग भंगारात पडले. ब्रह्मपुरीच्या बसस्टँडमागे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गुलाबभाऊंनी मला दुपट्ट्यात गुंडाळून आणलं आणि माझ्यासारख्या आणखी तिघींसोबत घड्याळात बसवलं. लोक ते बघायला दुकानात थांबायचे.

यंदा माझ्या आठाचा राखणदार जळला. भाऊंनी नवा लावला. तेव्हापासून तीन पेटला की मागे आठही अंधुक तेवू लागला.

"नळी म्हातारी झाली, तुमच्यावाणी," त्यांच्या बायकोनं, आशाबाईंनी टोमणा मारला. मुलगी हर्षा तारा गुंडाळत राहिली.

मला फार लागलं. माझा दोष नव्हता. नवा राखणदार रेडिओतला, थोड्या व्होल्टांचा. त्याला माझा दाब अडवता येत नव्हता, दार गळत होतं. त्याच्या अंगावरचा बारीक नंबर भाऊंना वाचताच आला नव्हता. हर्षाला हे ठाऊक होतं. भाऊ जेवायला गेले की त्यांनी चुकीचे जोडलेले रेडिओ ती गुपचूप उकलून नीट करायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "भाऊचा हात सोन्याचा!" तेव्हा तिची मान खाली जायची.

मित्रांनो, आम्हा वस्तूंची निगा राखा. पण आमच्यावर आळ घेऊन आपल्या माणसाचं दुखणं झाकू नका.

त्या दुपारी भाऊंनी बोर्डातली पिन उपटली, घड्याळ पालथं केलं आणि माझ्यामागे बोट घातलं. उपटलेली पिन शेजारच्या रेडिओची होती.

ते भिंतीवर फेकले गेले. बोट काळं पडलं. आशाबाई त्यांचे तळवे चोळत रडू लागल्या.

"पिन काढली होती मी," भाऊ म्हणाले.

"घाम असन हाताले," आशाबाई घाईनं म्हणाल्या.

हर्षानं माझी पिन ओढली. माझ्या पोटातले अंक विझले. ती बापासमोर खाली बसली.

"घाम नाई, आई. अन् नळीबी म्हातारी नाई झाली. बाबा, तुमाले दिसत नाई."