फरार चौघे

चेन्नईतल्या एन्नोरच्या नगरसेविका कनकाबाई एकट्याच उपोषणाला बसल्या होत्या. खाडीत वीजकेंद्राच्या राखेचं पाणी सोडू नका, एवढंच मागणं. त्या विरोधी पक्षाच्या. पण त्या दिवशी मोठा मुहूर्त होता, पक्षाची माणसं लग्नांना गेलेली. पालिका कचेरीसमोर एक चटई, पाण्याची बाटली आणि हातानं लिहिलेला फलक. बाईंनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण आवाज कधी चढवला नव्हता.

दुपारी पोलिसांनी त्यांना उचललं. गुन्हा: बेकायदा जमाव.

"जमाव कुठे होता?" त्यांनी इन्स्पेक्टर राजगोपालना विचारलं.

"जमावाला पाच माणसं लागतात, अम्मा. म्हणून चौघं फरार दाखवलेत."

"अहो, मी एकटीच होते."

"तेच तर. बाकीचे पळाले, म्हणून तुम्ही एकट्या सापडलात."

बाहेर सोडलं तर बाई फरारांना सावध करतील, असं सरकारी वकील म्हणाले. जामीन नाकारला गेला.

तुरुंगात राजगोपाल दर दोन दिवसांनी यायचे. नावं विचारायचे. एकदा घाम पुसत म्हणाले, "निदान वर्णन तरी द्या हो. वरून सारखे फोन येतात." बाईंना त्यांची कीव आली, हसूही आलं. ते गेल्यावर मात्र त्या हिशेब करत बसल्या. नसलेली माणसं सापडायची कधी?

पंधराव्या दिवशी त्यांचे यजमान शेषाद्री भेटीला आले. जाळीपलीकडून घरच्या तंजावरी मराठीत म्हणाले, "कनके, वस्तीतले अस्के जण, अगदी एकूणएक, विचारतात, काय करायचं म्हणून."

"सांगा त्यांना, चौघं पाहिजेत."

बाई थट्टेनं बोलल्या होत्या. पण चाळीस वर्षांच्या संसारात शेषाद्रींना थट्टा कधी कळली नव्हती. त्यांनी कोळीवस्तीत घरोघर निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासे विकणाऱ्या चार बाया ठाण्यात आल्या. "आम्हीच त्या फरार," म्हणाल्या. राजगोपालना इतका आनंद झाला की त्यांनी कॉफी मागवली. नावं लिहून होईतो आणखी सात जण आले. दुपारपर्यंत रांग रस्त्यावर गेली. दोनशे तेरा माणसं!

"खरे चौघे कोण?" राजगोपाल ओरडले.

"आम्ही!" सगळे एका सुरात म्हणाले.

कुणालाही घरी पाठवलं तर तो भांडायचा. एक म्हातारा तर ओळखपत्र आपटून म्हणाला, "मी तिघांच्या आधी पळालो होतो!" अखेर राजगोपालनी अहवाल लिहिला: फरार आरोपी मिळाले आहेत, परंतु जास्त मिळाले आहेत.

न्यायाधीशांनी तो दोनदा वाचला आणि कनकाबाईंना जामीन दिला. अट एकच: पाच किंवा अधिक माणसं असतील तिथे जायचं नाही.

पालिकेत नगरसेवक दोनशे. दोन बैठका तुरुंगात बुडाल्या होत्या. तिसरी चुकली तर पद जाणार होतं. त्या दिवशी बाई तासभर आधीच सभागृहात पोहोचल्या. आत फक्त लेखनिक दिनानाथ होते. बाईंनी हजेरीवर सही केली आणि उभं राहून, रिकाम्या खुर्च्यांसमोर, खाडीबद्दलचा प्रश्न शब्दन् शब्द वाचला.

"पुन्हा एकदा वाचा मॅडम," दिनानाथ म्हणाले, "राखेचं प्रमाण लिहायचं राहिलं."

त्यांनी पुन्हा वाचलं. तेवढ्यात तिघं सभासद गप्पा मारत आत आले. बाई कागद उचलून मागच्या दारानं बाहेर पडल्या.

शेषाद्री पायरीवर बसले होते. "कोणी ऐकलं?"

"लिहून घेतलं," त्या म्हणाल्या. शेषाद्रींनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला.